नववं धुवण

डब्यावर अजून दुधाच्या गाईचं चित्र.
आत दोन मुठी माती, तोंडाला केळीचं वाळकं पान,
आणि पेन्सिलीने, शाळकरी अक्षरात :
झातुग्बुई, अनलोगा, विहिरीकडचा वाफा.

बाकीचे एकेचाळीस नमुने आम्हीच काढलेले,
गिरमिटाने, पंधरा सेंटिमीटर खोल,
पिशवीत भरून, क्रमांक घालून.
हा बेचाळिसावा ट्रोट्रोतून आला
ड्रायव्हरच्या सीटखाली, धुरवलेल्या मासळीच्या शेजारी.
सेफाकोर मॅडम म्हणाल्या, रीतीत बसत नाही.
मग चष्मा पुसत म्हणाल्या, राहू दे. कर.

तिकडची जमीन म्हणजे एक चिंचोळी पट्टी.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खारं सरोवर,
मधे वाळू,
वाळूत कांद्याचे वाफे, सतरंजीएवढे.
रात्री दोन्ही पाणी ऐकू येतात म्हणे.
मी दोन रात्री राहिलो. मला एकच ऐकू आलं.

मिठाची ज्योत पिवळी, ढणढणीत.
किनाऱ्याच्या कुठल्याही मातीत तीच आधी बोलते,
लग्नघरातल्या मामासारखी.
पालाशची ज्योत जांभळट, बुजरी.
आमचे जुने मास्तर अग्बोदेका
निळ्या काचेचा तुकडा खिशात ठेवत :
जांभळं दिसत नाही म्हणू नकोस,
आधी काय झाकायचं ते शीक.
आता यंत्र झाकतं. मी आकडे लिहितो.

किती आहे, हा प्रश्न सोपा.
किती देते, आणि कुठवर देते,
त्यासाठी तीच माती पुन्हा पुन्हा धुवावी लागते,
तांदूळ धुवावेत तशी,
आणि दरवेळचं धुवण ज्योतीला पाजावं लागतं.

वाळू पहिल्याच धुवणात सगळं देऊन टाकते.
दुसऱ्यात उरलंसुरलं.
तिसऱ्यात आकडा हलत नाही.
अशा माणसांना पगाराच्या दिवशीच भेटावं.

चौथ्याला एकेचाळीस पिशव्या संपल्या.
बेचाळिसावा चालूच.
सहावं, सातवं.
मी नळी बदलली, बाटल्या बदलल्या,
कोसीला वाटलं माझा हात चुकतोय, त्याने स्वतः केलं.
नववं धुवण.
थोडंच, पण येतच होतं,
पापुद्र्यापापुद्र्यांच्या सांदीतून
कुणीतरी मोजून नाणी काढून द्यावीत तसं.

शेजारणीच्या फोनवर ती आली.
विहिरीकडचा? तो काळाच आहे.
माझ्या सासूच्या सासूने, सरोवर आटलं त्या साली,
तळाचा गाळ डोक्यावरून वाहिला.
पोटुशी होती. तरी वाहिला.
तिथे पातीच्या कडा करपत नाहीत, ठाऊक आहे मला.
मग पाठवली कशाला?
तुम्हाला कळतं का, ते बघायचं होतं.

मी हसलो. ती हसली नाही.
आणि बाकीचे वाफे?

बाकीची वाळू, मी म्हटलं.
एकदम खत घालू नका, तिला साठवता येत नाही,
पाण्याबरोबर खाली जाईल.
थोडं थोडं घाला. वरचेवर घाला.
नारळाच्या सोडणांची राख चालेल.

पलीकडे कोंबडी ओरडली, कुणीतरी तिला हाकललं.
मग ती म्हणाली,
मासे लांब गेले तेव्हापासून
आम्हीही तसंच जेवतो.

अहवालाच्या तक्त्यात सात रकाने आहेत.
टोपल्यांचा नाही.
मी तळटीप घातली, मॅडमनी खोडली,
मग दुसऱ्या दिवशी, काही न बोलता,
स्वतःच्या अक्षरात परत लिहिली, माझ्यापेक्षा लहान.

दहावं धुवण कुणी मागितलं नव्हतं.
संध्याकाळी, सगळे गेल्यावर, केलं.
आकडा इथे लिहीत नाही.

डबा तेवढा परत मागितलाय तिने.